पानात टाकू नये

मराठी माणसाच्या नीतिशास्त्राचा पहिला धडा शाळेत नव्हे, स्वयंपाकघरात मिळतो. तो धडा असा, की पानात काही टाकू नये. वाढून घेताना शंभरदा विचार करावा, पण एकदा घेतलं की ती दोडक्याची भाजी असो नाहीतर कालची शिळी भाकरी असो, ती संपवूनच उठावं. हा नियम जेवणापुरता असता तर माझं काहीच म्हणणं नव्हतं. दोडक्याशी मी केव्हाच तडजोड केली आहे. पण आपल्या भाषेनं एक घोटाळा करून ठेवला आहे. जेवायचं तेही पान आणि वाचायचं तेही पान! आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, भाषेचा मान राखून हा नियम दोन्ही पानांना सारखाच लागू केला. हातात घेतलेलं पुस्तक अर्धवट सोडणं आणि ताटात भाकरी टाकून उठणं, ही दोन्ही पापं आमच्या घरी एकाच खात्यावर नावे टाकली जात.

आता माझं वय सेहेचाळीस आहे. बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम. म्हणजे तत्त्वज्ञानाशी माझा संबंध आपटे रोडचा आळंदीशी असतो तेवढा, कधीतरी पालखी आली तर येणार. तरीही गेली काही वर्षं एक तात्त्विक प्रश्न मला छळतो आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाला पुस्तक अर्धवट सोडण्याचा नैतिक अधिकार आहे का? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? नाही आवडलं, ठेवून द्या! वाचकहो, इतकं सोपं असतं तर मी तरी कशाला पंचाईत करून घेतली असती?

अण्णांचा नियम कुठून आला ते आधी सांगायला हवं. १९७२ साली अण्णा कळंब तालुक्यात नुकतेच शाळामास्तर झाले होते. ते साल मराठवाड्यात नुसतं 'बहात्तर' म्हटलं तरी पुरतं, पुढे 'दुष्काळ' हा शब्द जोडावा लागत नाही. माझी आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि कामावर सुकडी. त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे असं सांगणारी पिढी अजून आमच्या जिल्ह्यात आहे. आजी पुढे सुबत्ता आल्यावरसुद्धा जमिनीवर पडलेला भाकरीचा तुकडा उचलून आधी कपाळाला लावायची आणि मग तोंडात टाकायची. अशा घरात 'टाकून देणं' या क्रियापदाला जागाच नव्हती.

पुस्तकांचाही दुष्काळच होता. आमच्या गावी एक वाचनालय होतं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले आहेत. आमचं 'ड' वर्गातलं. कायद्यात 'ढ' असा वर्ग नाही म्हणून ते 'ड'मध्ये बसलं असावं. एक खोली, दोन कपाटं, एक दिवा, आणि दिवा आहे म्हणजे वीज आहे असं नव्हे. एका वेळी एक पुस्तक मिळायचं आणि आठवडाभर तेच. त्यातही रहस्यकथांची शेवटची चार पानं कुणीतरी फाडून नेलेली. खून झालेला असायचा, संशयित पाच असायचे आणि खुनी कोण ते ठरवणं आमच्यावर सोपवलेलं असायचं. त्यामुळे अर्धवट सोडायचं नाही हा नियम पाळणं सोपं होतं. पुस्तकानंच आपल्याला अर्धवट सोडलं तर तो दोष आपला नव्हे, असं अण्णांनी त्यावर पोटकलम काढलं होतं.

थोडक्यात, तेव्हा पुस्तकं कमी होती आणि वेळ मुबलक होता. आता हिशेबाची बाजू पालटली आहे. २०२० च्या जानेवारीत ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. गावाचं नाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं, २०२३ पासून ते धाराशिव झालं. त्या तीन दिवसांत मी पुस्तकप्रदर्शनातून एकतीस पुस्तकं आणली. दुष्काळी भागातल्या माणसाला अचानक धरण दिसलं म्हणजे तो जशा घागरी भरत सुटतो, तसा मी पिशव्या भरत सुटलो होतो. आमची सौ. दारात उभी राहून मोजत होती. शेवटची पिशवी आत आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "अहो, हे सगळं वाचायचंय, का सांभाळायचंय?"

याच सुमारास मला चाळिशी लागली. मराठीत चाळिशी वयालाही म्हणतात आणि चष्म्यालाही. दोन्ही एकदमच येतात, म्हणून शहाण्या माणसांनी एकाच शब्दात भागवलं आहे. डोळ्यातलं भिंग वयोमानाप्रमाणे ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. माणसाचं मनही याच वयात ताठर होतं आणि त्यालाही जवळचं दिसेनासं होतं; पण त्याला चष्मा मिळत नाही. पुस्तक मी हळूहळू लांब धरू लागलो. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की आता पुस्तक लांबवायला हात पुरत नाही. आणि हात पुरत नाही म्हटल्यावर पहिल्यांदाच मनात आलं, की आयुष्य तरी पुरणार आहे का?

कारकुनाला असा प्रश्न पडला की तो कागद आणि पेन काढतो. पण माझ्या आधी हा हिशेब एका मोठ्या माणसानं करून ठेवला आहे. भर्तृहरीनं वैराग्यशतकात माणसाच्या शंभर वर्षांचा ताळेबंद मांडला आहे. शंभरातली निम्मी, म्हणजे पन्नास, रात्रीत गेली. उरलेल्या पन्नासांतली निम्मी बालपण आणि म्हातारपण यांनी खाल्ली. राहिली पंचवीस. तीही आजारपण, ताटातूट, दुःख आणि दुसऱ्याची चाकरी यांत जातात. मी हा ताळेबंद तपासला, एका पैचीही चूक नाही. विशेष म्हणजे चाकरीचा खर्च त्यानं स्वतंत्र दाखवला आहे. बँकांचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी त्याला माझ्या काउंटरची कल्पना होती!

मग मी माझा हिशेब मांडला. शहात्तर वर्षांपर्यंत डोळे साथ देतील असं धरू. म्हणजे तीस वर्षं. बँक, बाजार, लग्नं, मुंजी आणि मार्चअखेर वजा जाता महिन्याला एक पुस्तक. तीस गुणिले बारा, तीनशे साठ. आता देणी बघू. घरातली न वाचलेली पुस्तकं मोजली, ती तीनशे एकोणपन्नास निघाली. अर्धवट वाचलेली त्रेसष्ट. एकूण चारशे बारा. म्हणजे आजपासून एकही पुस्तक विकत घेतलं नाही, एकही लग्न जास्तीचं लागलं नाही, तरी मी मरेन तेव्हा बावन्न पुस्तकांचा देणेकरी असेन. एकट्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. माझ्या वेगानं तेवढ्याच वाचायच्या म्हटल्या तरी त्र्याऐंशी वर्षं लागतील, आणि तीही शेवटची चार पानं शाबूत असतील तर.

वाणिज्य शाखेचा पदवीधर इथं सरळ निकाल देतो. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की आम्ही ते खातं एनपीए ठरवतो. त्याच न्यायानं जे पुस्तक नव्वद दिवस पुढे सरकलं नाही ते बुडीत. शंभर पानं वाचून झाली आहेत म्हणून उरलेली तीनशे वाचणं, म्हणजे बुडत्या कर्जदाराला पहिलं कर्ज फेडायला दुसरं कर्ज देणं. बँकेत असं कुणी केलं तर चौकशी लागते. गेलेला वेळ गेला, पुढचा वाचवा. हिशेबाच्या दृष्टीनं यात खोट काढता येणार नाही.

मोठमोठी माणसंही या बाजूला उभी आहेत. फ्रान्समध्ये मोन्तेन नावाचा निबंधकार होऊन गेला. १५७१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, सगळे कामधंदे सोडून तो आपल्या मनोऱ्यातल्या ग्रंथालयात जाऊन बसला. अडतिसाव्या वर्षी! आमच्याकडे त्या वयात बढतीच्या परीक्षेला बसतात. तो लिहितो, की एका पुस्तकाचा कंटाळा आला की मी दुसरं घेतो. अवघड जागी नखं खात बसत नाही. शिवाय त्याची स्मरणशक्ती इतकी धड नव्हती, की पुस्तक संपलं की तो शेवटी तारीख आणि आपलं मत लिहून ठेवायचा, नाहीतर तेच पुस्तक तो पुन्हा नवं म्हणून वाचायला घ्यायचा. हा मनुष्य चुकून साहित्यात गेला. नोंदी ठेवायची अशी सवय असलेला माणूस आमच्या खात्यात हवा होता.

पण फ्रान्सला कशाला जायचं? आमच्याच जिल्ह्यात, धाराशिवहून जवळच, तेरणेच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारलं, यातली मडकी भाजलेली किती आणि कच्ची किती ते सांगा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. सगळे गप्प बसले, एकटे नामदेव तेवढे कुरकुरले. काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं! मडकं पारखायला त्यातलं पाणी तळापर्यंत प्यावं लागत नाही, एक टिचकी पुरते. याच न्यायानं पुस्तकाला तीस पानांची टिचकी मारावी, आवाज बद्द आला तर खाली ठेवावं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात प्राचीन काळातली मातीची भांडी आणि मूर्ती आहेत. त्या बघताना मला नेहमी वाटतं, की कच्चं ते केव्हाच मातीला मिळालं, भाजलेलं तेवढं इथवर पोचलं.

एवढ्यावर प्रश्न मिटायला हरकत नव्हती. पण गोरोबाकाकांची गोष्ट तिथं संपत नाही, हीच तर अडचण आहे. कच्चं ठरलेलं मडकं पुढे औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेलं आणि असं भाजून निघालं, की आज वारकऱ्यांच्या तोंडी नामदेवांचं नाव ज्ञानदेवांच्या बरोबरीनं येतं. म्हणजे पहिल्या टिचकीला कच्चं वाजलेलं मडकं कायमचं कच्चं नसतं. आणि त्याहून वाईट शंका अशी, की पुस्तकावर टिचकी मारली आणि बद्द आवाज आला, तर तो पुस्तकाचा आहे की माझ्या डोक्याचा?

शिवाय हल्ली अर्धवट सोडायला अंगी काही पुण्याई लागत नाही. हातातल्या मोबाइलवर अंगठा वर सरकवला की एक माणूस बोलता बोलता नाहीसा होतो आणि दुसरा बोलू लागतो. बँकेत रांगेत उभा असलेला मनुष्य पाच मिनिटांत चाळीस गोष्टी सुरू करतो आणि चाळीसच्या चाळीस टाकून काउंटरवर येतो. मोन्तेनची चैन आता सगळ्यांनाच परवडते. तो कंटाळला की पुस्तक बदलत असे, आम्ही कंटाळा यायच्या आधीच बदलतो. हे सगळं मी सौ.ला समजावून सांगत होतो. भर्तृहरी, एनपीए, टिचकी, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. फक्त हा नव्वद दिवसांचा नियम माणसांना लावू नका म्हणजे झालं. लग्नाला एकवीस वर्षं झालीत आपल्या." मी ताबडतोब विषय बदलला.

अण्णा आता ऐंशीचे आहेत. दर नोव्हेंबरात मी त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन जातो. पेन्शन घेणाऱ्याला आपण जिवंत असल्याचं वर्षातून एकदा सिद्ध करावं लागतं. खडू धरून धरून आणि वयानं त्यांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या पुसट झाल्या आहेत, की यंत्र ठसा घेत नाही. माणूस समोर बसलेला, चहा पितो आहे, कारकुनाच्या शुद्धलेखनातल्या चुका काढतो आहे, आणि यंत्र म्हणतं, ओळख पटत नाही. अण्णा हसून म्हणतात, "आरं, त्याचं तरी काय चुकलं? मलाच हल्ली पटंना झालीय."

दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर फारच अधू झाली. भिंगाचा उपयोग होईना. मग मी रोज रात्री जेवणानंतर त्यांना वाचून दाखवायला लागलो. एक जाडजूड कादंबरी घेतली होती, सहाशे पानांची. दोनशे चाळिसाव्या पानापर्यंत आलो असू. अण्णा मध्येच म्हणाले, "राहू दे आता."

मला वाटलं झोप आली. "उद्या इथनंच पुढं वाचू," मी खूण घालत म्हणालो.

"न्हाई. हे पुस्तक राहू दे. माझं झालं यातलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ज्या माणसानं मला नवव्या वर्षी शेतीच्या अवजारांवरचं पुस्तक शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचायला लावलं होतं, तो हे बोलत होता!

"अण्णा, पुस्तक अर्धवट सोडायचं? पानात टाकायचं?"

"पानात कुठं टाकायलोय?" अण्णा म्हणाले. "भाकरी टाकली की उष्टी होती. दुसऱ्याला देता येत न्हाई. पुस्तक कुठं उष्टं होतंय? पुढचं तू वाच. न्हाईतर अजून कोण वाचंल."

एवढं बोलून ते कुशीवर वळले. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो. वडिलांनी पुस्तक खाली ठेवलं, यात पुस्तकाखेरीज आणखीही काहीतरी खाली ठेवलेलं होतं, ते मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. कुठलंच काही संपवून कुणी उठत नाही, हे तसं मी चौदाव्या वर्षीच पाहिलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरचा औसा आणि आमचा उमरगा तालुका, गावंच्या गावं बसली. गणपती बोळवून दमून झोपलेली माणसं उठलीच नाहीत. आमच्याकडे घर हललं, पडलं नाही, पण पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो. कुणाचं पेरायचं राहिलं होतं, कुणाचं द्यायचं राहिलं होतं, कुणाच्या दप्तरात खूण घातलेला धडा होता. त्यांच्या पानात जे राहिलं ते त्यांनी टाकलं होतं असं कोण म्हणेल?

अण्णांच्या त्या एका वाक्यानं माझा हिशेब मात्र मुळातून बदलला. मी इतके दिवस पुस्तकांकडे भाकरीसारखं बघत होतो. मी खाल्ली नाही तर वाया गेली! पण भाकरीला एकच खाणारा असतो. पुस्तक शंभर जणांनी वाचलं तरी शंभर टक्के शिल्लक राहतं. अशी ठेव जगातल्या कुठल्याही बँकेत नाही, असती तर आम्ही तीवर व्याज देऊन देऊन बुडालो असतो. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बचत खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण तिथं जाऊनही ती बुडत नाही. ज्याची आहे तो किंवा त्याचा वारस कधीही येऊन हक्क सांगू शकतो. म्हणजे पैसा नुसता पडून आहे हा गुन्हा नव्हे. त्याच्यापर्यंत पोचायची वाट बंद करणं हा गुन्हा. तेव्हा पुस्तक अर्धवट सोडणं हे पाप नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. ते सोडून कपाटाला कुलूप लावणं, हे मात्र पानात टाकून वर ताटावर पालथं ताट घालणं आहे.

हे ठरल्यावर पुढचं काम सोपं होतं, म्हणजे सौ.ला सोपं वाटलं. तिनं पोतीच आणली. एका रविवारी मी एकशे वीस पुस्तकं गावच्या वाचनालयाला देऊन आलो. ते अजून 'ड' वर्गातच आहे, पण आता दिवे दोन आहेत. अर्धवट वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात मी जिथं थांबलो तिथं खूण म्हणून पैसे काढायची एकेक कोरी स्लिप घातली. बँकेत एक स्लिप खराब केली तर मन दुखतं, इथं साठ गेल्या तरी काही वाटलं नाही. रद्दच व्हायच्या होत्या, जुन्या गावाचं नाव छापलेल्या होत्या.

अण्णांची ती सहाशे पानी कादंबरीही मी त्यातच दिली. पुढचं तू वाच, असं ते म्हणाले होते. मी दोनदा प्रयत्न केला. एकशे साठ पानं आणखी गेलो आणि चारशेव्या पानावर थांबलो. त्याच्या पुढे अण्णांशिवाय वाचवेना.

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा वाचनालयात डोकावलो. ती कादंबरी कपाटात होती. काढून बघितली. दोनशे चाळिसाव्या पानावर अण्णांसाठी घातलेली खूण तशीच होती. चारशेव्या पानावर माझी स्लिप होती. आणि चारशे एकाहत्तराव्या पानावर एसटीचं एक तिकीट घातलेलं होतं, कळंब ते धाराशिव, अर्धं. बारा वर्षांच्या आतलं कुणीतरी असेलही. तिकीट मी जागच्या जागी ठेवलं आणि पुस्तक कपाटात पुढच्या बाजूला, हाताला लागेल असं लावून दिलं.